पिओनी की गुलाब? एका रेशमी किमोनोचा काळ ठरवताना

पार्श्वभूमी

जपानच्या कांतो भागातल्या एका लहान नगर-संग्रहालयाने किमोनोवरच्या फुलांच्या नक्षीचं प्रदर्शन ठरवलं होतं. दोन दालनं आखली होती. पहिल्यात 'जपानी फुलं': उमे (प्लम), साकुरा (चेरी), पिओनी, आयरिस, शेवंती आणि शरदातली सात रानफुलं. दुसऱ्यात 'पाश्चात्त्य फुलं': गुलाब, डेलिया, कॉसमॉस. बहुतेक किमोनो संग्रहालयाचेच होते. पहिल्या दालनात पिओनीची जागा तेवढी रिकामी राहिली होती, आणि त्याच सुमारास गावातल्या एका कुटुंबाने एक किमोनो भेट दिला.

सोबत चिठ्ठी होती. आजीच्या लग्नातला, मेइजी ४०, यूझेन, पिओनीची नक्षी. मेइजी हा जपानमधला १८६८ ते १९१२ चा काळ, म्हणून मेइजी ४० म्हणजे १९०७. यूझेन म्हणजे विणलेल्या रेशमावर रंगवलेली नक्षी. संग्रहपालांनी चिठ्ठीतला मजकूर जसाच्या तसा नोंदवहीत उतरवला. माहितीफलकाचा मसुदा त्यावरूनच झाला आणि प्रदर्शनाच्या पत्रकात 'मेइजी काळातली पिओनी' अशा ओळीसह किमोनोचा फोटो छापून गेला.

किमोनोची जमीन गडद जांभळी, आता खांद्यांवर तपकिरीकडे झुकलेली. त्यावर वीतभर रुंदीची फुलं, किरमिजी, नारिंगी आणि राखाडी रंगांत. देठ काळे, लांब, चाबकासारखे वळलेले. फुलांच्या मागे रुपेरी-राखाडी उभ्या रेषा, मधेमधे तुटलेल्या. आतलं अस्तर संपूर्ण लाल रेशमाचं. कुलचिन्ह एकही नाही. बाहीची उंची ४९ सेंमी. खालच्या घेरावर लाल अस्तराचा रंग बाहेर उतरल्याचे तीन डाग, आणि गळपट्टीच्या आतल्या बाजूला बुरशीची पांढरट साय.

पुढचं समजण्यासाठी किमोनोची बेतणी माहीत हवी. एका किमोनोला एक तानमोनो लागतं. हा साधारण ३६ ते ३८ सेंमी पन्ह्याचा आणि १२ मीटरच्या आसपास लांबीचा तागा असतो. त्यातून आठ सरळ पट्ट्या निघतात: अंगाच्या दोन, बाह्यांच्या दोन, पुढच्या ओव्हरलॅपसाठी दोन ओकुमी, एक गळपट्टी आणि तिच्यावरची मळखाऊ पट्टी. कात्री बहुतेक आडवी किंवा सरळच चालते. गोलाई कापून टाकत नाहीत, जास्तीचं कापड आत दुमडून शिवतात. कमरेला ओबीखाली (कमरपट्ट्याखाली) झाकली जाणारी उचिआगे नावाची आडवी दुमड असते, तिच्यातही कापड शिल्लक ठेवतात. त्यामुळे जुन्या किमोनोच्या आत, उजेड न लागलेल्या जागी, त्याचा मूळ रंग आणि बरंचसं मूळ माप शाबूत असतं.

अडचण

संग्रहालयात किमोनो शिवण्याचं काम अनेक वर्षं केलेल्या एक स्वयंसेविका येतात. त्यांनी किमोनो हातात घेतला आणि दोन हरकती काढल्या. हे यूझेन नाही, ही पहिली. बाहीचं माप युद्धानंतरचं आहे, ही दुसरी. किमोनोची मापं कुजिरा-जाकुत मोजतात. एक शाकु म्हणजे ३७.८८ सेंमी आणि त्याचा दहावा भाग म्हणजे एक सुन. ४९ सेंमी म्हणजे एक शाकु तीन सुन, आणि हीच युद्धानंतर रूढ झालेली बाही. त्याआधीच्या तरुण मुलींच्या बाह्या बऱ्याच लांब असत.

म्हणजे एकाच वस्तूवर दोन काळांचा दावा झाला. चिठ्ठीप्रमाणे १९०७, बाहीप्रमाणे १९४५ नंतर. संग्रहपालांना स्वतःला देठांची वळणं पाहून ताइशो काळ, म्हणजे १९१२ ते १९२६, वाटत होता. तिघांचाही आधार खरा होता, पण प्रत्येकाने एकच खूण धरली होती.

शिवाय बुरशी लागलेला आणि रंग सोडणारा किमोनो तसाच काचेत ठेवता येत नव्हता. प्रदर्शन दोन महिन्यांवर आलं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता. फलकावर 'कुटुंबाच्या सांगण्यानुसार' अशी ओळ घालायची आणि पुढे जायचं. कुटुंब दुखावलं जाणार नव्हतं, छापलेलं पत्रकही चाललं असतं. पण प्रेक्षक 'सांगण्यानुसार' हे शब्द वाचत नाहीत, १९०७ वाचतात. संग्रहपालांनी हा पर्याय सोडला आणि ते योग्यच झालं.

दुसरा पर्याय प्रयोगशाळेत रंगांची चाचणी करून घेण्याचा. खर्च होता, वेळ होता, आणि उत्तर मर्यादित मिळणार होतं. पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ चा आहे आणि मेइजी काळात असे रंग जपानात सर्रास येत होते. रंग कृत्रिम निघाला असता तरी १९०७ आणि १९३० यांत निवड झाली नसती. हा पर्याय मागे ठेवला.

तिसरा पर्याय: भिंग, मोजपट्टी, आणि लागलं तर थोडी शिवण उसवणं. उसवण्याला संवर्धकांचा आधी विरोध होता, कारण मूळ टाकेसुद्धा पुरावाच असतात. शेवटी ठरलं ते असं की आधी न उसवता जेवढं कळेल तेवढं पाहायचं, आणि त्यानंतरही प्रश्न उरला तरच दोन ठिकाणी, प्रत्येकी १२ सेंमीच्या आत, टाके काढायचे.

फुलाची ओळख

सुरुवात फुलापासून केली, कारण दालन त्यावरच ठरणार होतं. नक्षीतलं फूल ओळखताना पाकळ्यांकडे सगळ्यात शेवटी पाहावं. आकार सोपा करताना कलाकार पाकळ्यांत मनमानी करतो, पानांत फारशी करत नाही.

पिओनीचं पान तीन भागांत फाटलेलं, टोकांना पुन्हा दोन-तीन खाचा असलेलं असतं. जपानी नक्षीत ते तसंच येतं, अगदी ओबडधोबड छाप्यातही. या किमोनोवर एका दांड्यावर समोरासमोर पर्णिका आणि टोकाला एक, अशी पाच-पाच पर्णिकांची पानं होती, कडा दातेरी. हे गुलाबाचं पान. कळीखाली लांब, टोकदार हरितदलं बाहेर वळलेली होती. पिओनीची कळी गोल असते आणि हिरव्या दलांत घट्ट बसते. फुलाच्या मधोमध पिओनीला पुंकेसरांचा पिवळा झुबका दाखवतात आणि पाकळीची कड फाटल्यासारखी कातरतात. इथे मध्यभागी गुंडाळी होती, पाकळ्या एकमेकींवर फिरत गेलेल्या आणि कडा गुळगुळीत. काट्यांबद्दल थोडा वाद झाला. काळ्या देठांवर ठरावीक अंतराने बारीक टोकं दिसत होती, पण ती विणीतल्या रंगाच्या सरकण्यानेही आली असती. काटे पुराव्यात धरले नाहीत. पान आणि हरितदलं पुरेशी होती.

कॅमेलियाही वाटेत येतो म्हणून सांगायला हवं. कॅमेलियाचं पान एकटं, जाड, अंडाकृती असतं आणि पुंकेसर नळीसारखे उभे असतात. शेवंती आणि डेलियाचा घोळही असाच पानांवरून सुटतो. शेवंतीचं खाचांचं पान एकदा ओळखीचं झालं की डेलियाशी गल्लत होत नाही.

कापड काय सांगतं

स्वयंसेविकांची पहिली हरकत दहापट भिंगाखाली पाच मिनिटांत खरी ठरली. यूझेनमध्ये विणलेल्या पांढऱ्या रेशमावर तांदळाच्या खळीची बारीक रेघ ओढून रंग अडवतात. खळ धुतली की फुलाभोवती पांढरी रेघ राहते. मेइजीच्या सुरुवातीला क्योतोच्या हिरोसे जिसुके यांनी रंगच खळीत मिसळून कातागामीने, म्हणजे कागद कोरून केलेल्या छाप्याने, छापण्याची रीत बसवली, तेव्हापासून छापील यूझेनही आलं. दोन्हींत रंग कापडावर वरून बसतो, आणि छापील यूझेनची मागची बाजू तर सहसा फिकी असते.

या किमोनोच्या मागच्या बाजूला फूल तितकंच गडद होतं. भिंगाखाली रंग फक्त ताण्याच्या (उभ्या) धाग्यांवर दिसला. बाणा (आडवे धागे) सलग एकाच राखट जांभळ्या रंगाचा, जागोजागी जाड-बारीक, म्हणजे दुहेरी कोशातून काढलेल्या रेशमाचा. फुलाच्या डाव्या-उजव्या कडा नीट होत्या. वरच्या-खालच्या कडा मात्र दोन-तीन मिलिमीटर विस्कटलेल्या, धागा लांबीच्या दिशेने सरकल्यावर होतात तशा.

हे मेइसेन, म्हणजे आधी रंगवलेल्या धाग्यांनी विणलेलं, परवडणारं रेशीम. आणि मेइसेनमधली होगुशी ही रीत. ताणा लावून घेतात, तो तात्पुरत्या बाण्याने विरळ विणतात, त्यावर कातागामी ठेवून रंगखळ छापतात, वाफ देऊन रंग पक्का करतात. मग हा छापलेला ताणा मागावर चढतो. विणकर पुढे जाताना तात्पुरता बाणा काढत जातो आणि खरा बाणा घालत जातो. पाटण पटोळा किंवा पोचमपल्ली पाहिलेल्यांना कडा ओळखीच्या वाटतील, पण तिथे सूत बांधून रंगवतात, इथे छापतात. म्हणून एवढी मोठी, इतक्या रंगांची फुलं सामान्य मुलींना परवडतील अशा कापडावर येऊ शकली. इथे किमान चार रंग होते, म्हणजे किमान चार कातागामी.

होगुशी छपाईचं पेटंट चिचिबूमध्ये १९०८ साली मिळालं. चिठ्ठीतलं वर्ष १९०७. केवळ एका वर्षाच्या फरकावर निकाल देणं बरोबर झालं नसतं, कारण पेटंटच्या आधी प्रयोग होतच असतात. पण इतकी सफाईदार, चार रंगांची आणि मोठ्या फुलांची होगुशी पहिल्या प्रयोगांतली असणं शक्य दिसत नव्हतं. शिवाय मेइसेन बाहेर जाताना, शाळेला, खरेदीला नेसायचं कापड होतं. मेइजी काळातली नवरी विधीला ते नेसली नसती. विधीच्या वस्त्राला कुलचिन्हं असतात आणि नक्षी बहुधा घेरापाशी असते.

गाव कोणतं, हा प्रश्न पुढे आला. मेइसेनची पाच मोठी केंद्रं: इसेसाकी, आशिकागा, चिचिबू, किर्यू आणि हाचिओजी. संग्रहपालांना फलकावर 'चिचिबू' लिहायचं होतं, कारण संग्रहालय जवळच. इसेसाकीची खास हेइयो-गासुरी असती तर बाण्यावरही छाप दिसला असता आणि कडा आडव्या दिशेनेही पायऱ्यांसारख्या आल्या असत्या. ती नव्हती एवढं नक्की. पण ताण्यावर छापण्याची रीत एकापेक्षा जास्त केंद्रांत होती. गावाचा शिक्का ताग्याच्या टोकाला असतो आणि शिवताना तो बहुतेक कापला जातो. शिक्का सापडला नाही. फलकावर 'कांतो भाग' एवढंच राहिलं. हा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत चांगला वाटतो. गावाचं नाव घातल्याने फलक वजनदार दिसला असता, पण त्याला आधार नव्हता.

टाके काढले ते दोन ठिकाण

बाहीचा प्रश्न भिंगाने सुटणारा नव्हता. संवर्धकांनी आधी सगळ्या बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून घेतले, मग डाव्या बाहीच्या तळाची १० सेंमी शिवण काढली. इतर सगळी शिवण जांभळ्या रेशमी दोऱ्याची होती, इथली पांढऱ्या सुती दोऱ्याची. आत ११ सेंमीहून थोडं जास्त कापड दुमडलेलं होतं. त्या दुमडीच्या टोकाला जुन्या शिवणीचे भोकांचे ठिपके आणि जुनी गोलाई, आताच्या गोलाईच्या दुप्पट मोठी. जुनी उंची ६०.६ सेंमी निघाली, म्हणजे नेमकी एक शाकु सहा सुन.

बाही नंतर आखूड केली होती. ७ जुलै १९४० च्या चैनीच्या वस्तूंवरील निर्बंधांनंतर आणि एकूणच युद्धकाळात लांब बाह्यांकडे वाईट नजरेने पाहिलं जाई. अनेक घरांत त्या कमी केल्या गेल्या, आणि युद्धानंतर तोच आखूड बेत रुळला. इथे नेमकं केव्हा झालं ते दोऱ्यावरून सांगता येत नाही. एवढं मात्र ठरलं की ४९ सेंमी हे माप शेवटच्या दुरुस्तीचं आहे, किमोनोच्या जन्माचं नाही. स्वयंसेविकांचं निरीक्षण अचूक होतं, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा बदलला.

दुसरी जागा कमरेची उचिआगे. तिथले ८ सेंमी टाके काढल्यावर आतून जो जांभळा दिसला तो पाहून सगळे थबकले. बाहेरचा तपकिरी रंग बघून कुणी कल्पना केली नसती इतका तो निळसर आणि तेजस्वी होता. त्या काळातले अनेक कृत्रिम जांभळे रंग उजेडाला टिकत नाहीत. फोटो घेताना रंगपट्टी बाजूला ठेवली होती, त्यामुळे मूळ रंगाची नोंद तरी विश्वासार्ह झाली.

शिवणीच्या आतून ताण्याचा आणि बाण्याचा पाच-पाच मिलिमीटरचा धागा घेऊन जाळून पाहिला. केस जळाल्याचा वास, आखडणारं टोक, बोटाने चुरडणारा काळा मणी. दोन्ही रेशीम, रेयॉन नाही. धातूच्या क्षारांनी वजन वाढवलेलं रेशीम जळाल्यावर धाग्याचा आकार राखेत टिकून राहतो. तसं झालं नाही, म्हणजे कापड आपसूक चिरण्याचा धोका कमी.

नक्षी आली कुठून

आता काळाच्या दोन कडा बसवायच्या होत्या आणि त्यासाठी नक्षीचा अभ्यास हवा होता.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात आर नूव्हो या वळणदार रेषांच्या युरोपीय शैलीची लाट भरात होती. क्योतोच्या कलाशिक्षणात पुढे महत्त्वाचं काम केलेले चित्रकार आसाई चू तेव्हा पॅरिसमध्ये होते. १९०१ मध्ये क्योतोचे आरेखक कामिसाका सेक्का ग्लासगोच्या प्रदर्शनाला गेले. मित्सुकोशीसारखी दुकानं याच दशकात डिपार्टमेंट स्टोअर बनली आणि दर हंगामाला नवी नक्षी ही त्यांच्या व्यवसायाची गरज झाली. त्यांनी एकीकडे गेन्रोकु काळातल्या (१७०० च्या आसपासच्या) जुन्या नक्ष्या आणि त्या काळातले चित्रकार ओगाता कोरिन यांची वळणं पुन्हा आणली, दुसरीकडे युरोपातली. वळणदार देठ या काळापासून कुठेही भेटतात.

यात एक फार सुंदर फेरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी कातागामी युरोपातल्या संग्रहालयांत हजारोंनी जमा झाले होते आणि तिथल्या आरेखकांनी त्यांतून सपाट फुलं, रिकामी जागा आणि लांब वळणं उचलली. तीच वळणं 'पाश्चात्त्य' म्हणून जपानला परत आली, आणि या किमोनोवरचे गुलाब पुन्हा कातागामीनेच छापले गेले. प्रभाव कुणाचा कुणावर, हे एका बाणाने दाखवता येत नाही.

मागच्या तुटक उभ्या रेषांवर खरी चर्चा झाली. संग्रहपालांचं म्हणणं, ही आर डेकोची भूमिती, म्हणून १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनानंतरची, फलकावर '१९२५ नंतर' लिहू. संवर्धकांनी आक्षेप घेतला. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिएन्ना सेसेशन या कलाकार-गटाच्या कामात चौकटी आणि तुटक रेषा आधीच होत्या, आणि ती शैली जपानी आरेखकांना ठाऊक होती. शिवाय उभी रेघ ही जपानी कापडाची जुनीच सवय आहे. रेषांवरून वर्ष काढता येणार नाही. १९२५ वगळलं.

कुटुंबाशी बोलणं

इथपर्यंत आल्यावर संग्रहपाल कुटुंबाकडे गेले. 'चिठ्ठी चुकीची आहे' असं न म्हणता त्यांनी जुने फोटो मागितले. एका अल्बममध्ये आजींच्या धाकट्या बहिणीचा उभा फोटो निघाला, मागे शोवा ७, म्हणजे १९३२ (शोवा काळ १९२६ पासून). अंगावर मोठ्या फुलांचा किमोनो.

कृष्णधवल फोटोवरून तोच किमोनो हे कसं ठरवायचं? फुलं ताग्यावर ठरावीक अंतराने पुन्हा येतात, त्यामुळे एकाच नक्षीचे अनेक किमोनो असू शकतात. पण पट्ट्या जोडताना कोणतं फूल कुठे पडेल हे शिवणारीवर असतं, आणि दोन शिवणारींचे जोड तंतोतंत सारखे पडणं दुर्मीळ. फोटोत डाव्या बाजूच्या ओव्हरलॅपवर गळपट्टीखालचं फूल ओकुमीच्या शिवणीने तिसऱ्या भागावर कापलं गेलं होतं आणि गुडघ्यापाशी दोन कळ्या शिवणीच्या दोन बाजूंना एकमेकींकडे पाठ करून होत्या. प्रत्यक्ष किमोनोवर नेमकं हेच होतं. बाहीही फोटोत लांब.

लग्नाची आठवण मग कुठून आली? आजींच्या रुखवताच्या पेटीत पुढे धाकट्या बहिणीचे कपडे ठेवले गेले असावेत, असा कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांचा अंदाज. संग्रहालयाने तो अंदाज म्हणूनच नोंदवला.

फलकावर अखेर आलं: होगुशी मेइसेन, रेशीम, कांतो भाग, ताइशोची अखेर ते शोवाची सुरुवात, १९३२ पूर्वी, बाही नंतर आखूड केलेली.

दालनांचा पेच

गुलाब म्हटल्यावर किमोनो दुसऱ्या दालनात जाणार हे उघड होतं. पण त्या निमित्ताने पहिल्या दालनाचं नावच अडचणीत आलं. पिओनी चीनमधून आली, साधारण आठव्या शतकाच्या आसपास. शेवंती तिकडचीच. उमेसुद्धा. मॉर्निंग ग्लोरी आधी औषधी बियांसाठी आणली गेली. म्हणजे 'जपानी फुलं' दालनातली निम्मी फुलं कधीतरी परदेशीच होती. आणि गुलाबाचे रानटी प्रकार मात्र जपानच्या किनाऱ्यांवर आणि डोंगरांत मूळचेच आहेत. चिनी गुलाब एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) चित्रांत दिसतो. मेइजीनंतर नवीन होता तो मोठा, भरगच्च बागेतला गुलाब आणि त्याला किमोनोवर मिळालेली मध्यवर्ती जागा.

दालनांची नावं बदलली: 'आधी रुजलेली फुलं' आणि 'नंतर आलेली फुलं'. त्यामुळे त्याच पेटीतला एक ओबीही दाखवता आला. त्यावर सारासा नक्षी होती, म्हणजे भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगीत छिटांवरून घेतलेली वेल-फुलं. ही छिटं डच जहाजांतून नागासाकीला पोहोचत आणि चहाच्या भांड्यांच्या पिशव्यांसाठी तुकड्यांनी जपली जात. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात हिकोनेच्या सरदार घराण्याचा असा संग्रह आहे. आधीच्या मांडणीत ही फुलं ना जपानी ना पाश्चात्त्य म्हणून कपाटातच राहिली असती.

स्वच्छता आणि मांडणी

जुन्या किमोनोची पारंपरिक धुलाई म्हणजे आराई-हारी. सगळं उसवायचं, पट्ट्या पुन्हा जोडून तागा करायचा, धुवायचा, फुनोरी शेवाळाची हलकी खळ लावून शिन्शी नावाच्या बांबूच्या काड्यांवर ताणून सुकवायचा आणि परत शिवायचा. नेसायच्या किमोनोला याहून उत्तम उपाय नाही. इथे आधी रंगाची चाचणी केली: ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा, वर टीपकागद, एक मिनिट हलकं वजन. लाल अस्तराने लगेच रंग सोडला. जांभळ्यानेही थोडा सोडला. इथॅनॉलने लाल जास्तच सुटला. आराई-हारी रद्द. शिवाय धुलाईत बाहीच्या जुन्या भोकांची, दोऱ्यांची सगळी साक्ष पुसली गेली असती.

अस्तर करडईच्या लाल रंगाचं आहे का, हे अतिनील टॉर्चने पाहिलं. करडईचा लाल नारिंगी चमकतो, पण काही कृत्रिम लाल रंगही चमकतात. अस्तर चमकलं, आणि त्यावरून काहीही लिहिलं नाही.

बुरशीसाठी किमोनो आधी मोठ्या पिशवीत वेगळा ठेवला, मग कोरड्या खोलीत नायलॉनची बारीक जाळी कापडावर धरून मऊ ब्रशने आणि सूक्ष्म गाळणीच्या कमी ओढीच्या व्हॅक्यूमने साय काढली. डाग उरले. ते तसेच राहू दिले. पेटीत कापराच्या वड्या आणि डांबरगोळ्या एकत्र सापडल्या. या दोन गोष्टी एकत्र आल्या की वितळून कापडावर तेलकट डाग पडतात, म्हणून दोन्ही काढल्या.

मांडणीत किमोनो आडव्या दांडीवर टांगायचा बेत होता. खांद्याच्या घडीवर तीन ते पाच मिलिमीटरच्या चिरा दिसल्यावर तो सोडला. तिरका फळा, त्यावर कापूस आणि धुतलेलं सुती कापड, पाठीची बाजू वर. उजेड ५० लक्सच्या आत. प्रदर्शन बारा आठवड्यांचं होतं, पण हा किमोनो सहा आठवडेच ठेवला. रोज आठ तास धरले तर १६,८०० लक्स-तास, पूर्ण काळ ठेवला असता तर ३३,६००. उचिआगेतला मूळ जांभळा पाहिल्यावर या आकड्यांवर कुणी वाद घातला नाही. मूळ रंगाचा फोटो शेजारी लावला, आणि प्रेक्षक किमोनोइतकाच वेळ त्या फोटोसमोर थांबत होते.

वेगळं काय करता आलं असतं

पत्रक छापण्याआधी फुलाचं पान पाहणं हे सगळ्यात स्वस्त काम होतं आणि तेच राहून गेलं. पत्रकांवर दुरुस्तीची चिकटपट्टी लावावी लागली. कुटुंबाकडे फोटो मागायलाही उशीर झाला. आधी मागितले असते तर बाहीची शिवण बहुधा काढावी लागली नसती. उचिआगे मात्र तरीही उघडायला हवीच होती.

रंगाची पहिली चाचणी घेराच्या दर्शनी भागावर घेतली गेली आणि तिथे दोन मिलिमीटरचा फिका ठिपका राहिला. ती शिवणीच्या आतल्या कापडावर घ्यायला हवी होती, तिथे जागा भरपूर होती.

घेरापाशी अस्तर आणि वरचं कापड एकमेकांना चिकटून असल्याने पुन्हा दमटपणा वाढला तर लाल रंग पुन्हा बाहेर येईल. संवर्धकांनी घेराची शिवण उघडून मधे आम्लविरहित पातळ कागद घालण्याचा प्रस्ताव ठेवला होता. मूळ टाके जपायचे म्हणून तो नाकारला गेला. सध्या किमोनो किमोनो गुंडाळायच्या नव्या तातोशी कागदात, घड्यांमध्ये रेशमाच्या गुंडाळ्या ठेवून, ५० ते ५५ टक्के आर्द्रतेत आहे. उन्हाळ्यात तपासणी होईल तेव्हा घेरावरच्या तीन डागांची मापं आताच्या मापांशी ताडून पाहिली जातील. ती वाढलेली निघाली तर घेर उघडायचा, हे आता लेखी ठरलं आहे.